उचल घेतली की मोजा: ऊसतोडीच्या गावातल्या मुलांसाठी सेवांची आखणी

दरवर्षी ३० सप्टेंबरला शाळेचा पट पक्का होतो. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची, माहिती याच तारखेची धरली जाते आणि संचमान्यताही याच पटावर होते. म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे त्या दिवसाच्या आकड्यावर ठरतं. बीड जिल्ह्यात याच तारखेच्या मागंपुढं दसरा येतो. दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या बालाघाटाच्या पट्ट्यातून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या ऊसतोडीच्या वाटेला लागतात. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, काही टोळ्या थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत. दिवाळी सरता सरता वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि थोडी मुलं उरतात.

३० सप्टेंबरचा पट खरा असतो. त्या दिवशी मुलं वर्गात बसलेली असतात. पण पुढचे पाच-सहा महिने त्या गावात मुलांसाठी काय लागेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

हे प्रकरण एका परिस्थितीचं आहे. डोंगरपट्ट्यातलं ऊसतोडीला जाणारं कुठलंही एक गाव घ्या आणि त्याचं जून ते जून असं वर्ष बघा. गावात अंगणवाडी आहे, चौथी किंवा सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा आहे, आठवड्यातून ठरल्या दिवशी नर्सबाई येतात, आशाताई गावातलीच आहे. सेवा कागदावर सगळ्या आहेत आणि नोंदीही भरपूर आहेत. तरी हंगाम सुरू झाला की दर वर्षी तेच घडतं. जे मूल गावात राहणार त्याच्या जेवणाची सोय उशिरा होते आणि जे मूल फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या रानात, जाणार त्याची सोय होतच नाही. नोंदींची कमतरता हे याचं कारण मला वाटत नाही. कुटुंब जाण्याचा निर्णय ज्या महिन्यात घेतं, त्या महिन्यात कुणी मोजत नाही, आणि मोजतात तेव्हा कुटुंब सोडून एकेकटं मूल मोजतात. सगळी अडचण इथून सुरू होते.

कोणत्या महिन्यात कोणी मोजलं

राज्यात शाळाबाह्य मुलांचं मोठं एकदिवसीय सर्वेक्षण झालं ते ४ जुलै २०१५ ला. पुढं २०२२ मध्ये ‘मिशन झीरो ड्रॉपआऊट’ राबवलं गेलं, तेही ५ ते २० जुलै या काळात. जुलैत ऊसतोड कुटुंब घरी असतं. पेरणी झालेली असते, मुलं शाळेत असतात. दारावर आलेल्या शिक्षकाला आई खरंच सांगते, ‘पोरगं शाळेत जातं.’ त्या उत्तरात काही खोटं नाही. पण तेच मूल डिसेंबरात उसाच्या फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करत असेल, तर जुलैच्या यादीत ते कधीच येणार नाही. मार्च २०२१ मध्ये १ ते १० तारखेला एक शोधमोहीम झाली. हंगाम चालू असताना अशी मोहीम होणं ही चांगली गोष्ट होती, पण ते कोरोनाचं वर्ष. शाळाच सुरळीत नव्हत्या, मग शाळेत कोण आणि शाळेबाहेर कोण हे ठरवणंच अवघड होतं.

जनगणनेचं गणित याच्या उलट आहे. २०११ ची लोकसंख्या गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. गणनेच्या नियमानुसार जो माणूस त्या पूर्ण काळात आपल्या नेहमीच्या घरी नसतो, त्याची नोंद तो जिथं सापडेल तिथं होते. म्हणजे बीडच्या वाडीतलं कुटुंब कोल्हापूर किंवा बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या शिवारात, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) मोजलं जाणार. ही मोजणी नियमाप्रमाणे बरोबरच आहे. मात्र ग्रामीण भागात साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागं एक अंगणवाडी आणि त्याहून लहान वस्तीसाठी मिनी अंगणवाडी, असे निकष लोकसंख्येवर बेतलेले असतात. ज्या गावची अर्धी माणसं फेब्रुवारीत बाहेर असतात, त्या गावाची गरज असल्या आकड्यात कमी दिसू शकते. आणि जिथं ती माणसं मोजली गेली, तिथं जूनमध्ये कोपीचा मागमूस उरलेला नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या जून ते डिसेंबरात झालं. जिल्ह्यात कुपोषण किती, लसीकरण किती, याचा अंदाज घ्यायला हे सर्वेक्षण उत्तम आहे. पण ते जिल्ह्यातल्या काही शे घरांच्या नमुन्यावर उभं असतं. एखाद्या वाडीत हंगामी वसतिगृह लागेल की नाही, हे त्यातून निघत नाही, आणि ते काढायला हे सर्वेक्षण केलेलंही नाही. जिल्ह्याचे टक्के हातात घेऊन गावाची आखणी करायला बसणारे अधिकारी आणि संस्था दोन्ही आहेत. त्या टक्क्यांवर वाद घालण्यात बैठकीचा दिवस जातो.

जुलै महिना मुळात वाईट आहे असं मात्र नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात सर्वेक्षण झालं. त्यात ८२,३०९ महिलांची माहिती घेतली गेली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे जवळपास सहा जणींत एक. हे काम बायका गावात असताना झालं. पूर्वी घडून गेलेल्या गोष्टीची विचारणा होती, त्यामुळं तो काळ योग्यच होता. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, आणि तोडीला जाण्याआधी व परतल्यावर आरोग्य तपासणी करायची हे ठरलं. घरोघर जाऊन मोजलं म्हणून कुणाला तरी निर्णय घ्यावा लागला. त्याच बायकांच्या कडेवरच्या आणि हाताशी असलेल्या मुलांची अशी मोजणी त्या वेळी कुणी मागितली नाही, याची मला फार खंत आहे. घर तेच होतं, दार तेच होतं, सर्वेक्षक तिथं पोचलेच होते.

मूल एकटं जात नाही, एकटं राहतही नाही

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, माणसावर नाही. त्यामुळं आईनं मागं राहायचं ठरवलं तर कोयता मोडतो. आई गेली की अंगावर पिणारं मूल जातंच. तीन-चार वर्षांचंही बहुतेक वेळा जातं, कारण आजीला दोन-दोन लहानगी आवरत नाहीत. आणि तान्हं गेलं की त्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. पहाटे फडात उतरलेली आई मूल पाचटाच्या कडेला ठेवून कोयता चालवते. तिथं बैलं असतात, साप असतात, ट्रॅक्टर मागं-पुढं होतात. म्हणून आठ-दहा वर्षांची मोठी बहीण सोबत नेली जाते.

शाळेच्या यादीत ही मुलगी ‘स्थलांतरित’ म्हणून दिसते, कधी ‘अनियमित’ म्हणून. तिच्यासाठी योजना आहे: हंगामी वसतिगृह. आई-वडील गेल्यावर मूल आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकाकडं राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेतल्या सोयीतून मिळतं, शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. योजना चांगली आहे आणि बीडमधल्या कितीतरी मुलांची शाळा तिच्यामुळं टिकली आहे. पण या मुलीला ती मागं ठेवू शकत नाही. तिला नेण्याचं कारण जेवण नव्हतं. तिचा दीड वर्षांचा भाऊ होता.

त्यामुळं चौथीतल्या मुलीची गळती थांबवायची तर उपाय फडावरच्या पाळणाघरात शोधावा लागतो. हे शिक्षण विभागाच्या यादीतून दिसत नाही, कारण त्या यादीत भाऊ नाही. अंगणवाडीच्या यादीत भाऊ आहे, पण तिथं बहीण नाही. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर, आई आणि सहा वर्षांखालचं मूल यांची नोंद आहे. यू-डायसमध्ये २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद आहे. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकाकडं दिलेली आहे, त्यावर ओळखपत्र मिळतं, पण ती नोंद कामगाराची. तीन खात्यांच्या तीन नोंदी, घर मात्र एकच. त्या घराचं एक पान कुठंच तयार होत नाही.

आखणीचा घटक म्हणून कुटुंब धरलं की काही गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. ज्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे आणि सात ते चौदा वयाची मुलगीही आहे, त्या घरातली मुलगी जाण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. घरात धडधाकट आजी आहे का, हा दुसरा प्रश्न. सर्वेक्षणाच्या नमुन्यात ‘आजी’ असा रकाना नसतो. हंगामी वसतिगृहाचा डोलारा मात्र तिच्यावरच उभा आहे, कारण मूल रात्री झोपायला तिच्याकडंच जातं. तिला दिसतं का, तिला दुखणं आहे का, तिच्याकडं आधीच किती नातवंडं आहेत, हे न विचारता मंजूर केलेली मुलांची संख्या कागदावरच राहते. वयात आलेल्या मुलीला म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर ठेवायला आई-वडील घाबरतात हेही खरं. त्यातून लवकर लग्न लावून देण्याची वाट निघते. नवरा-बायको झाले की नवा कोयता तयार होतो आणि त्यावर उचलही मिळते. बालविवाह रोखण्याच्या बैठकीत या उचलीचा हिशेब मांडला जायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

जन्माची तारीख आणि गाळपाची तारीख

लसीकरणाचं गणित यापेक्षा सोपं आहे आणि त्यात लगेच काम करता येतं. पेंटाव्हॅलंटचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. एखादं बाळ १ सप्टेंबरला जन्मलं, तर सहा आठवड्यांचा डोस १३ ऑक्टोबरला येतो. तेव्हा आई बहुधा गावात असते. दहा आठवड्यांचा १० नोव्हेंबरला, चौदा आठवड्यांचा ८ डिसेंबरला. हे दोन्ही फडावर. १ फेब्रुवारीला फडावरच जन्मलेल्या बाळाला नऊ महिने पूर्ण होतात १ नोव्हेंबरला, म्हणजे पुन्हा निघायच्या घाईत.

जन्मनोंद आशाताईकडं आहे. निघण्याचा अंदाज गावाला आहे. मग कोणत्या बाळाचा कोणता डोस बाहेर पडणार, याची यादी ऑगस्टातच लिहून काढता येते. त्यासाठी नवं ॲप लागत नाही, नवा संशोधक लागत नाही. बाळाचं नाव, डोस, तारीख आणि जायचं ठिकाण एवढं एका ओळीत आलं, की नर्सबाई तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवू शकते. माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत असलं तरी ते वाचणारा तिकडं कुणीतरी तिची वाट बघत असला पाहिजे.

तीव्र कुपोषित मुलांचं तसंच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल सॅम धरलं जातं आणि ग्राम बाल विकास केंद्रात घ्यावं लागतं. तिथले उपचार काही आठवडे चालतात. सप्टेंबरअखेर सापडलेल्या मुलाचे उपचार अर्धवट सोडून कुटुंब निघणार हे दिसत असतं. तपासणीची मोहीम जुलै-ऑगस्टात घेतली तर उपचार गावातच पुरे होतात.

नोंदी आधीच पडून आहेत

शाळेत रोज किती मुलांनी शालेय पोषण आहार घेतला, याची नोंद शाळा रोज करते. गावच्या स्थलांतराचा वक्र त्या नोंदीत आहे. समजा एका शाळेचा पट साठ आहे, ऑगस्टात रोज पन्नासच्या पुढं ताटं वाढली जातात आणि नोव्हेंबरअखेर तीस. ही मधली वीस-पंचवीस ताटं कुठं गेली, हा प्रश्न नसून उत्तर आहे. मागच्या तीन वर्षांच्या अशा नोंदी समोर ठेवल्या, तर तालुक्यातल्या कोणत्या शाळेत हंगामात किती मुलं कमी होतात हे पंचायत समितीत बसून काढता येतं. नोंद पटाच्या बरोबरीनं भरली जात असेल तर ताळा तांदळाशी घालावा. पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असं प्रमाण आहे. खर्ची पडलेला तांदूळ आणि ताटं जुळली नाहीत, तर त्या शाळेत जाऊन बघावं. पण जाताना शिक्षकाला धाकात घेऊन जाऊ नये. पट कमी दाखवला तर शिक्षकाचं पद जातं अशी रचना आपणच केली आहे. पट टिकवण्यासाठी तो नावं ठेवतो आणि बरेचदा त्या नावांमुळंच मार्चमध्ये परतलेलं मूल पुन्हा वर्गात बसू शकतं.

दुसरी नोंद मुकादमाच्या वहीत आहे. उचल देण्याघेण्याचा व्यवहार पावसाळ्यातच सुरू होतो. मुलीचं लग्न, दवाखाना, जुनं देणं, बियाणं, अशा कारणांनी उचल घेतली जाते, आणि घेतली की त्या घराचं जाणं ठरलं. पोळ्यापर्यंत गावातल्या बहुतेक घरांचा निर्णय झालेला असतो. कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, कोणत्या टोळीत, हे गावात कुणालाही विचारा. शासनाच्या नोंदीत ते येतं ते माणसं निघून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि मग वसतिगृहाचा प्रस्ताव, मंजुरी, धान्य, स्वयंपाकी यात जानेवारी उजाडतो.

तिसरी नोंद साखरेची. गाळप हंगामाची तारीख मंत्री समिती ठरवते. २०२२ ला ती १५ ऑक्टोबर होती, २०२३ ला १ नोव्हेंबर, २०२४ ला १५ नोव्हेंबर, २०२५ ला पुन्हा १ नोव्हेंबर. हंगाम संपण्याची तारीख तर उसाच्या उभ्या पिकावर. २०२१-२२ ला राज्यात विक्रमी, जवळपास १३७ लाख टन साखर झाली आणि मराठवाड्यात काही ठिकाणी तोड जूनपर्यंत रेंगाळली. उलट पाऊस कमी झालेल्या वर्षी फेब्रुवारीतच पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. वसतिगृह सहा महिन्यांचं, निधी मार्चअखेरपर्यंतचा, असं दरवर्षी एकाच मापानं कापून चालत नाही. साखर आयुक्तालयाचा उसाचा अंदाज ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. तो जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर असायला हवा.

गावाचं एक पान

मग करायचं काय? पोळा ते घटस्थापना या काळात गावात एक यादी तयार करावी. काम एकट्या अंगणवाडी ताईंवर टाकू नये, त्यांच्याकडची रजिस्टरं आधीच डोक्यावरून गेली आहेत. ताई, आशा, एक शिक्षक आणि ग्रामसेवक एकत्र बसले तर लहान गावाचं काम एका बैठकीत उरकतं. प्रत्येक घराला एक ओळ. कोयता जाणार का, कोणत्या कारखान्याला, बैलगाडीनं की ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत, घरात कोणत्या वयाची मुलं, कोण जाणार, कोण राहणार, राहणाऱ्याला कोण सांभाळणार, गरोदर बाई आहे का, कोणाचा डोस किंवा उपचार बाकी आहे.

बैलगाडी की टोळी, हा रकाना किरकोळ वाटेल, पण पुढची सेवा त्यावरच ठरते. बैलगाडीवाली कुटुंबं कारखान्याजवळच्या तळावर मोठ्या संख्येनं एकत्र आणि बराच काळ राहतात. तिथं पाळणाघर चालू शकतं, मुलांना जवळच्या शाळेत सोडण्यासाठी गाडी लावता येते. छत्रपती संभाजीनगरच्या जनार्थ संस्थेनं अनेक वर्षं साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामापुरत्या शाळा, चालवल्या त्या अशाच तळांच्या आधारानं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि मुलांनी वेगळ्या शाळेऐवजी नियमित शाळेतच जावं हा विचार पुढं आला. विचार योग्य होता, पण तळापासून नियमित शाळेपर्यंतच्या अंतराचं काय, हे बहुतेक ठिकाणी ठरलंच नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र ऊस असेल तसं गावोगाव हलतात, पाच-दहा कोप्या एका शिवारात, काही आठवड्यांनी दुसऱ्या. तिथं पाळणाघर उभं राहत नाही. त्यांच्यासाठी त्या-त्या गावची अंगणवाडी आणि शाळा हीच सेवा, आणि तिनं अनोळखी मुलाला कागद न मागता आत घ्यायला हवं. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्यच आहे.

शिक्षण हमी कार्ड याच कामासाठी आहे. मूल कितवीत, त्याला काय येतं, हे लिहून कार्ड बरोबर द्यायचं. पण मूल कार्ड घेऊन जातं ते ऑक्टोबरात, आणि तिकडच्या मुख्याध्यापकाला त्याची काही खबर नसते. आपल्या शिवारात यंदा अमुक कारखान्याच्या टोळ्या येणार, त्यात साधारण एवढी मुलं, एवढी तान्ही, हे त्यांना सप्टेंबरात कळलं तर पुस्तकं, ताटं, लशी यांची तयारी करता येईल. महिला व बालविकास विभागानं स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवणारी प्रणाली आधी काही जिल्ह्यांत चालवून पाहिली. त्यात मराठवाड्यातला जालना होता. नंतर ती राज्यभर नेली. त्यातली नोंद मूल गेल्यावर करायची की जाण्याआधी, यावर तिचा उपयोग ठरतो.

या यादीची भीतीही ध्यानात घ्यावी लागेल. उचल म्हणजे कर्ज. कोणी किती घेतली हे लिहिलं गेलं तर ते घराला लाजिरवाणं होतं आणि मुकादमाला अडचणीचं. म्हणून यादीत रक्कम मुळीच नको, फक्त जाणार की नाही एवढंच. आई-वडिलांना वाटतं, पोरगी फडावर नेतो असं सांगितलं तर केस होईल. यादी पोलिसांसाठी नाही, हे आशाताईनं घरात बसून सांगितलं तरच लोक खरं बोलतील. आणि यादी वरच्या कचेरीत गेली तरी तिची प्रत गावातच राहिली पाहिजे. दरवर्षी कोऱ्या कागदापासून सुरुवात झाली तर मागच्या वर्षीचं काहीच हाताशी राहत नाही.

मराठवाड्याला याचा अनुभव नाही असं नाही. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झालं ते इथूनच, मुख्यालय तेव्हाच्या औरंगाबादला. त्याआधी विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात प्रत्येक मुलाचं वजन घेण्यावर भर दिला होता. सगळी मुलं काट्यावर आली की कुपोषितांचा आकडा आधी वाढतो, कारण लपलेली मुलं दिसायला लागतात. त्या वाढलेल्या आकड्यासाठी सेविकेला झापलं, तर पुढच्या महिन्यात आकडा कमी होईल आणि मूल तसंच राहील. युनिसेफच्या २०१३ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ ला ३९ टक्के होतं, ते २०१२ ला २३ टक्क्यांवर आलं. याला कारणं अनेक असणार, पण मोजण्याला घाबरायचं नाही ही शिस्त त्यातली एक होती. ऊसतोडीच्या गावात तीच शिस्त पहिल्या वर्षी लागेल. यादी नीट झाली की ‘स्थलांतरित मुलं’ अचानक वाढलेली दिसतील, आणि वरून विचारणा येईल. त्या वेळी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी ताईंच्या पाठीशी उभं राहायचं आहे.

पुढची लोकसंख्या गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ क्षण १ मार्च २०२७. म्हणजे पुन्हा गाळपाच्या भरात. नियम बदलणार नाही, पण कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या प्रगणकांना टोळ्यांचे तळ आधीपासून माहीत असतील तर कोपीतली मुलं मोजायची राहणार नाहीत. आणि बीडच्या जिल्हा परिषदेकडं २०२६ च्या पावसाळ्यातली स्वतःची यादी असेल, तर अंगणवाडी आणि शाळांची मागणी करताना तिला जनगणनेच्या आकड्याशेजारी हंगामाआधीचा आकडा ठेवता येईल.

काम झालं की नाही हे तपासायला मात्र एकच साधा हिशेब लागतो. जाताना, म्हणजे घटस्थापनेआधी, प्रत्येक मुलाचं वजन, उंची आणि दंडघेर. पट्टा पडून कुटुंब परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा तेच. शाळेतल्या मुलाला निघताना काय वाचता येत होतं आणि आल्यावर काय वाचता येतं. राहिलेल्या आणि गेलेल्या मुलांचा फरक वेगळा काढायचा, आणि गेलेल्यांत तळावरची आणि टोळीतली वेगळी. कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांची मुलं यात सगळ्यांत मागं राहण्याची भीती आहे. तिथं शाळेची भाषा कन्नड, आणि राज्याची माग ठेवणारी प्रणाली सीमेपलीकडच्या अंगणवाडीपर्यंत पोचत नाही. पोषण ट्रॅकर मात्र देशभर एकच आहे. गावच्या ताईंनी निघण्याआधी नाव तिकडच्या केंद्राकडं वळवलं, तर बेळगावच्या शिवारातल्या सेविकेला त्या मुलाचा आहार देता येतो. त्यासाठी ताईंना त्या गावाचं नाव ठाऊक हवं, आणि ते नाव सप्टेंबरात मुकादमाला ठाऊक असतं.